दचकण्याची चाचणी

आघातानंतर माणसं कशी दचकतात, हे ती प्रयोगशाळेत मोजायची. कोणालाही खुर्चीत बसवण्याआधी यंत्र स्वतःवर तपासायचं, ही तिची शिस्त. आजही तिनं डोळ्याखाली वायर चिकटवली, हेडफोन चढवला. कानात धाडकन आवाज झाला. पापणीसुद्धा लवली नाही. पडद्यावरची रेघ सरळच. “वायर गेलीय, बाई. बदला.” तंत्रज्ञ बाईंनी बदलली. पुन्हा तेच. मग बाईंनी सगळं स्वतःला लावलं, तर अशा उडाल्या की टेबलावरचा चहा सांडला. रेघही उसळली. गाडीच्या अपघातात तिच्या शेजारच्या सीटवरचा तिचा नवरा गेला, तरी आठवड्याभरात ती कामावर हजर होती; ‘खंबीर आहे हो,’ सगळे म्हणाले होते. बाईंनी यंत्र बंद केलं, खुर्ची जवळ ओढली. आघातानं सुन्न झालेली काही माणसं दचकतच नाहीत; अशांना आधी काय विचारायचं, हे तिनंच बाईंना शिकवलं होतं. “ताई, घरी सोबतीला कोण आहे?” ती म्हणाली, “दुसरी वायर आणा.”