नाव ठेवायला जागा

"फक्कड! नाव ठेवायला जागा नाही," पिठल्याचा घास गिळत अच्युतराव म्हणाले आणि त्यांच्या बायकोच्या, कुमुदच्या, काळजात धस्स झालं. पिठल्यात तिने मुद्दाम मीठच घातलं नव्हतं.

छत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने तिच्या स्वयंपाकाला रोज दोन्ही वेळा नावं ठेवली होती. भाजीचा लगदा, भाताचा गोळा, चहा म्हणजे फुळकवणी. मग रेडिएशनने घशातला कॅन्सर गेला, पण जाताना जिभेची चवही घेऊन गेला. तेव्हापासून ते चार घास कसेबसे ढकलायचे आणि बायकोला वाईट वाटू नये म्हणून वर कौतुक करायचे. हे असलं गोड बोलणं तिला सोसवेना. "चव येईल परत," असं डॉक्टर म्हणाले, त्याला सात महिने झाले होते.

आठवड्याने आमटीच्या पहिल्याच भुरक्याला ते खेकसले, "खारट! मीठ दोनदा घातलंस की काय?"

तिने बोट बुडवून चाटलं. खरंच दोनदा पडलं होतं. डोळ्यांना पदर लावत ती म्हणाली, "आणि पोळी?"

"चामडं!"

उसळीसाठी भिजवलेले हरभरे तिने लगेच शिजायला टाकले आणि बारशाला वाटतात तशा घुगऱ्या घेऊन शेजारच्या सोनटक्केवहिनींचं दार वाजवलं.

"अगबाई! बारसं कुणाचं?"

"आमटीचं. आज ह्यांनी नाव ठेवलं तिला."

"काय ठेवलं?"

"खारट!"