म्हाताऱ्याचा अर्धवट प्रोग्राम

फोन खाली ठेवता ठेवताच तिनं वस्तीच्या नावाची पहिली दोन अक्षरं दाबली, मग टॅब, मग एंटर. धरणाचं तीन नंबरचं दार वर जायला लागलं. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

हुकूम साहेबांचा होता. पाणी धोक्याच्या खुणेवर चढलंय, खालची वीटभट्टीची वस्ती रिकामी झालीय, सोडा. तिनं सोडलं.

महिन्यापूर्वी हे एवढं सोपं नव्हतं. दारं चालवणारा प्रोग्राम तिच्या सासऱ्यांनी तीस वर्षांमागं याच खोलीत बसून लिहिलेला. काळ्या पडद्यावर अख्खी ओळ हातानं लिहायची: दाराचा नंबर, खालच्या वस्तीचं पूर्ण नाव, तिथली घरं किती, माणसं किती. एक अक्षर चुकलं तर खोडायची सोय नाही, ओळ पुन्हा पहिल्यापासून. चांगलं मिनिटभर बोटं राबायची. यंत्राला माणसं मोजून काय करायचंय, म्हणून ऑपरेटर म्हाताऱ्याच्या नावानं खडे फोडायचे. घरी सासूबाईही सोडत नसत. हे भिंतीत खिळासुद्धा अर्धाच ठोकतात, म्हणायच्या.

सून शिकलेली, हाताला उरक दांडगा. तिनं त्या जुन्या प्रोग्रामला नवं तोंड बसवलं. दोन अक्षरं टाकली की उरलेली ओळ आपोआप भरायची, घरं-माणसांच्या आकड्यांसकट. चुकलं तर खोडा. वरचा बाण दाबला की मागची ओळ हजर. साहेबांनी पाठ थोपटली. सासऱ्यानं तीस वर्षं अडवून ठेवलेलं सुनेनं तीन दिवसांत मोकळं केलं, असं सासूबाई शेजारीपाजारी सांगत फिरल्या. सासरे एवढंच म्हणाले, होतं तसं राहू द्यायचं होतंस. म्हाताऱ्याला झोंबलं, असं तिला वाटलं आणि थोडं बरंही वाटलं.

फोन पुन्हा वाजला. पहिला ठेवून चाळीस सेकंदही झाले नव्हते. साहेबांचा आवाज फाटला होता. थांब, म्हणाले, सोडू नकोस, भट्टीमागच्या खोल्यांत माणसं राहिलीत, आत्ता कुठं निघतायत.

तिनं बंद करायची ओळ टाकली. तीही क्षणात भरली. पण दार जुनं, लोखंडी. एकदा उचललं की पुरतं वर गेल्याशिवाय खाली फिरत नाही. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. दार शांतपणे वर जात होतं.

एकोणीस माणसं गेली. त्यात सात लेकरं.

तिसऱ्या दिवशी ती घरी आली आणि चपला न काढताच सासऱ्यांसमोर उभी राहिली. सासूबाई कोपऱ्यात बसलेल्या.

"बाबा," ती म्हणाली, "एवढी साधी सोय. तुम्हाला कशी जमली नाही? की जमत होती आणि केली नाहीत?"

म्हाताऱ्यानं चष्मा काढला. बायकोकडं एकदा पाहिलं, मग सुनेकडं.

"केली होती, पोरी. तुझ्यासारखीच, दोन अक्षरांत दार उघडायचं. पहिल्याच पुरानंतर मी ती काढून टाकली."