एका बादलीला एक झाकण

भुऱ्याला टेबलावर उताणं केलं, तसा सुपरवायझरचा हात आपसूक खिशातल्या रुमालाकडे गेला. कुत्र्याच्या पोटावर औषधालाही केस उरला नव्हता. लालभडक कातडी, तिच्यावर पिवळट खपल्या, आणि काखेत काहीतरी ओलं चकाकत होतं.

"तुमचा का हा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे! वडिलांचा."

वडील टेबलाला लागूनच स्टुलावर बसले होते. पायांत जाड मोजे, एक हात भुऱ्याच्या डोक्यावर. या माणसाला एवढीशीही शिसारी कशी येत नाही, याचंच सुपरवायझरला नवल वाटे. तो स्वतः एका मोठ्या हॉटेलात साफसफाईचा सुपरवायझर होता. चाळीस न्हाणीघरं त्याच्या नजरेखाली. जाळीत अडकलेला एक केस त्याला दारातून दिसे, आणि घरी मात्र हे ध्यान.

"स्पष्टच सांगतो, मॅडम. याला औषधपाणी नको. शेवटचं इंजेक्शन देऊन टाका. याची खरूज आता वडिलांनाही लागलीय."

वडिलांचा हात भुऱ्याच्या कानामागे सरकला आणि तिथे हळूहळू खाजवू लागला.

"आधी बघू तर द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी बारीक फणी फिरवली. पिसू नाही, गोचीड नाही. पात्यानं कातडी खरवडली, खरवड काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. ते खर्र खर्र ऐकून सुपरवायझरनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"खरजेचे किडे नाहीत. बुरशीही दिसत नाही." बाईंनी भुऱ्याला उभं केलं. "पाठ बघा याची. कशी तुकतुकीत आहे! केस गेलेत ते पोटावरचे, कोपरांचे, हनुवटीखालचे, पंजांमधले. म्हणजे जमिनीला टेकतं तेवढंच. झोपतो कुठे हा?"

"माझ्या खोलीत," वडील म्हणाले. "माझ्याजवळ, खालीच."

"फरशी कशानं पुसता?"

सुपरवायझरनं रुमाल नाकावरून काढला.

हॉटेलातला फरशी पुसायच्या जंतुनाशकाचा निळा कॅन त्यानंच घरी आणला होता. नव्या कामगाराला पहिल्या दिवशी तो बजावायचा, "एका बादलीला एक झाकण. हातमोज्यांशिवाय हात घालायचा नाही. वरून साध्या पाण्याचा हात मारायचा." वडिलांची खोली मात्र तो रोज सकाळी स्वतः पुसायचा. चार झाकणं, कधी पाच. साधं पाणी कधीच नाही, कारण साध्या पाण्यानं वास जातो, आणि त्याला तो वास हवा होता. त्याखाली मलमाचा, म्हातारपणाचा, कुत्र्याचा वास दबून जाई. गादीला वास येतो म्हणून तीही त्यानं बाहेर टाकली होती. तेव्हापासून वडील चटईवर.

"फरशी चावते रे," असं वडील एकदा म्हणाले होते. ते त्यानं हॉटेलात सगळ्यांना हसून सांगितलं होतं.

"जरा कडकच वापरतो," तो म्हणाला.

बाईंनी भुऱ्याचा पंजा उचलून वास घेतला आणि मान वळवली. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांनी नाक मुरडलं होतं.

"याला कुत्र्याचा वासच नाही. चाटून चाटून हे पोटातही जात असणार. इंजेक्शन कसलं द्यायला सांगताय? आधी ते पुसणं बंद करा. मलम देते, पण आत्ता साधं पाणी."

त्यांनी टेबलावर घमेलं ठेवलं, भुऱ्याचे पुढचे पंजे त्यात सोडले आणि मगानं पाणी घालू लागल्या. भुऱ्यानं डोळे मिटले. महिनोन्महिने धडपडणारा तो जीव एकदम गप्प झाला.

वडील ते बघत होते. मग ते वाकले आणि त्यांनी सावकाश एक मोजा काढला. मोज्याबरोबर कातडीचा पापुद्रा निघाला. तळपाय लालभडक होता, कडांना पिवळट खपल्या.

"डॉक्टर," ते संकोचून म्हणाले, "साधंच पाणी आहे ना? मग माझ्याही पायांवर घाला थोडं."

बाईंचा हात थांबला. सुपरवायझरनं पुढे होऊन त्यांच्या हातातला मग घेतला आणि खाली बसला.

वडिलांनी पाय मागे ओढून घेतले. रागानं नाही, सवयीनं.

"तू नको, बाळा," ते म्हणाले. "तुला किळस येते."