वादीच्या जागी

“वाचत काय बसलीस? फुली केलीय तिथे सही कर,” दिनकर प्रधान म्हणाले आणि रिकामा कप पुढे सरकवला.

अरुणाने आधी सही केली, मग कप भरला. बँकेचे फॉर्म, विम्याचे कागद, सोसायटीचे अर्ज, सगळं या घरात असंच निकालात निघे. दिनकररावांचं बोट जिथे, तिथे बायकोची सही. केंद्र सरकारातून उपसचिव म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला घरात एवढी शिस्त हवीच होती.

या वेळची भानगड दिनकररावांच्या बहिणीची होती. वडिलांचा, म्हणजे अण्णासाहेबांचा, दिल्लीत द्वारकेतला फ्लॅट दोघा भावंडांचा आहे, अर्धा मला द्या, असा दावा कुमुदने लावला होता. अण्णासाहेबांनी मृत्युपत्रात तो मुलाला दिलेला. शेवटी त्यांचा हात थरथरायचा, म्हणून सहीऐवजी अंगठा. साक्षीदार सोसायटीतले दोन म्हातारे, तेही आता वर गेलेले. कुमुदला ते मृत्युपत्र मान्य नव्हतं. नागपुरात पोरींना पेटी शिकवणाऱ्या बाईला कायदा काय कळतो, असं दिनकरराव म्हणत. पण दावा असेपर्यंत फ्लॅटला गिऱ्हाईक हात लावत नव्हतं, आणि नोएडातलं नवं घर हातचं निसटत होतं.

“ती मला मरेपर्यंत विकणार नाही,” ते म्हणाले. “पण तुझ्यावर जीव आहे तिचा. जाऊन सांग, वन्सं, तुमचा हक्क मला विका, भांडण मिटवून टाकते. वादी म्हणून तिच्या जागी तुझं नाव लागेल. मग तू दावा मागे घ्यायचास. खतम.”

“आणि पैसे?”

“तुझ्या आईच्या पाटल्या आहेत ना? पडूनच तर आहेत.”

अरुणा नागपूरला गेली ती आठवडाभर राहिली. परतली तेव्हा कुमुदची सही घेऊनच आली.

“रडली का?” दिनकररावांनी विचारलं.

“नाही. बोलत बसलो.”

“तुम्ही दुसरं करणार काय!” ते म्हणाले आणि वकील त्यागींना फोन लावायला उठले. बहिणीने आपला हक्क पाटल्यांवर सोडला, याचं त्यांना हसू येत होतं. गावंढळ ती गावंढळच.

अरुणासाठी त्यांनी एक नवखी वकीलही बघून दिली. तिचं काम एवढंच, की नाव बदललं की दावा मागे घेण्याचा अर्ज पुढे करायचा.

तारखेच्या दिवशी ऑटोत त्यांनी बायकोला बजावलं, “तिथे तोंड उघडू नकोस. सरोजिनी नगरच्या बाजारात कपड्यांचा भाव करून शिकलेलं तुझं हिंदी. लोक हसतात.”

“बरं,” अरुणा म्हणाली.

कोर्टात न्यायाधीश एक तरुण बाई होती. हल्ली कोणालाही खुर्चीत बसवतात, असं दिनकररावांच्या मनात आलं. त्यागी त्यांच्या कानाशी कुजबुजले, “सर, आज बस नो ऑब्जेक्शन बोलना है. बाकी मुझ पे छोड़िए.”

आजवर कुमुदच्या एकूण एक अर्जाला त्यांनी विरोध केला होता, अगदी तब्येतीसाठी मागितलेल्या तारखेलाही. आज पहिल्यांदाच त्यांची हरकत नव्हती. न्यायाधीशांनी परवानगी दिली. वादी म्हणून कुमुदचं नाव गेलं, अरुणाचं आलं. इतकी वर्षं उरावर बसलेली बाई दोन मिनिटांत उठली. दिनकररावांना एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. फ्लॅट आपला झाला, असं त्यांनी मनात म्हणूनही टाकलं.

नवख्या वकिलीणबाईंनी दुसरा अर्ज पुढे केला. न्यायाधीशांनी तो वाचला. वादीचा पत्ता पाहिला, प्रतिवादीचा पाहिला, आणि मान वर केली.

“प्रतिवादी आपके पति हैं?”

“जी,” अरुणा म्हणाली.

“इधर आइए. केस आप अपनी मर्ज़ी से वापस ले रही हैं?”

दिनकररावांना गंमत वाटली. अरुणाची मर्जी! पोराला पाढा म्हणायला लावावा तशी त्यांनी मागून तिला मानेने खूण केली, की हो म्हण आणि ये.

अरुणाने वळून पाहिलं नाही. ती म्हणाली, नाही, दावा मला चालवायचाय, आणि पहिली साक्ष माझीच घ्या: सासऱ्यांचा अंगठा त्या कागदावर उमटवला तेव्हा त्यांना जाऊन तास उलटला होता, यांनी कागद धरला होता आणि तो गार हात मी.