मापाची गिटार

ट्युनिसमधल्या लग्नांत दलिला नवरा वजदीसोबत, त्याचीच जुनी, अवजड गिटार गळ्यात अडकवून गात आली होती. आज वजदीच आपणहून तिला दुकानात घेऊन आला, तेव्हा तिला खरंच वाटेना.

तिने एकेक गिटार मांडीवर घेऊन पाहिली. शेवटी लहान अंगाची, स्पीकरला जोडता येणारी एक तिच्या कुशीत अशी बसली, की ती दुखरा खांदाही विसरली.

“हीच घे!” ती म्हणाली. “उभ्याने कितीही वाजवली तरी हात भरून येणार नाही.”

“नक्की ना? मागाहून कुरकुर नको हं.”

“अरे, नक्की!”

वजदीने दुकानदाराला गिटार बांधायला सांगितली.

“बरं झालं तुला आणलं. ती नवी मुलगी, लमीस, अगदी तुझ्याच अंगकाठीची आहे. शनिवारपासून माझ्यासोबत तीच गाणार. तुलाही जरा आराम.”