गप्प पट्टे

एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या मनगटावरचे पट्टे आमच्या सर्व्हरशी सतत जोडलेले असतात; त्यांत माझ्या बाबांचाही एक. जोडलेल्या प्रत्येक पट्ट्याचा पडद्यावर हिरवा ठिपका. हात हलला की पट्टा बोलतो. फार वेळ गप्प राहिला तर आम्ही घरी माणूस धाडतो. आज भरदुपारी सर्व्हर तुडुंब भरला, नवे पट्टे जोडले जाईनात. साहेब माझ्या डोक्यावर उभे. "गप्प जोडण्या तोड गं, उगाच जागा अडवून बसल्यात." मी सवयीने तोडल्या. सर्व्हर हलका झाला, साहेब हसले. मग पडद्यावर बाबांचा हिरवा ठिपका दिसेना आणि मी त्यांना फोन लावला. "साहेब, गप्प म्हणजे न हलणारी माणसं! जोडणी तोडल्यावर कुणी पडलं असेल तर आपल्याला कळणारच नाही." "अगं, दुपारचे झोपले असतील. उठले, हात हलला की पट्टे पुन्हा जोडले जातील, ठिपके परततील." ठिपके एकेक करून परतू लागले, बाबांचा सोडून. बाबांचा फोन नुसता वाजत राहिला. "साहेब, बाबा दुपारी झोपत नाहीत."