उशाशी

माजिवड्याच्या गाळ्यात सहदेव भंगारातल्या पोलादाच्या सुऱ्या घडवायचा, ट्रेकला जाणाऱ्यांसाठी. एका दुपारी हेमांगी आली. कुशीत दोन महिन्यांचं बाळ, पिशवीत टेम्पोच्या स्प्रिंगचा गंजलेला कमानपाटा.

"दादा, याची छोटीशी सुरी करून द्याल? धार नको."

"धार नको? मग सुरी कशाला, ताई?"

"बाळ झोपेत दचकतं. उशाशी ठेवायला."

सहदेव हसला. "अहो, त्याला घरातला अडकित्तापण चालतो की!"

"सासूबाईंनी ठेवलेला. मीच काढला." तिने बाळाचं टोपडं सारखं केलं. "याचे बाबा चालवायचे त्या टेम्पोचा हा पाटा. हा पोटात असताना अपघात झाला. याला झोपलेलं बघायचं राहूनच गेलं त्यांचं."